वारंवार चालू-बंद केल्यानं विजेची उपकरणं खरंच खराब होतात का?

पाऊलवाट | १९ मे, रात्री ९:४०

विषय घरगुती आहे, पण गेले आठ दिवस त्यावरून घरात अबोला आहे, म्हणून जाणकारांना विचारते.

माझी लेक अकरा वर्षांची. शाळेत वीजबचतीचा प्रकल्प झाल्यापासून ती खोलीतून बाहेर पडली की दिवा बंद, पंखा बंद, टीव्हीचं भिंतीवरचं बटणसुद्धा बंद. सासऱ्यांना हे मुळीच पटत नाही. "सारखं चालू-बंद केलं की वस्तू जळतात. चार रुपये वाचवायला जाशील आणि चार हजार घालवशील," हे त्यांचं ठाम मत.

गेल्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला. लाईट दहा मिनिटांत तीनदा गेली आणि तीनदा आली. त्यानंतर फ्रिज नीट चालेना. मागून दर दोन-तीन मिनिटांनी 'टक्' असा आवाज, मग चार-पाच सेकंद घुंऽऽ, परत 'टक्'. होईल आपोआप सुरू असं म्हणून आम्ही झोपलो. सकाळी फ्रीझरचं पाणी फरशीवर आलेलं. मेकॅनिकनं कॉम्प्रेसर गेल्याचं सांगितलं आणि जाता जाता विचारलं, "घरात कोणी सारखं बटण बंद-चालू करतं का?" झालं! सगळं खापर लेकीच्या डोक्यावर. तिनं फ्रिजच्या बटणाला कधी हातही लावलेला नाही. आता ती दिवासुद्धा मला विचारून बंद करते, ते बघवत नाही.

तर चालू-बंद केल्यानं वस्तू खराब होते का? सगळ्याच वस्तू होतात की काहीच?


ताकातली_रवी | १९ मे, रात्री १०:१५

तुमच्या सासऱ्यांसारखंच माझी आई म्हणायची. आमच्या चाळीत ट्यूब एकदा लावली की झोपेपर्यंत बंद करायची नाही असा नियमच होता. लावताना फडफडते तेव्हा जास्त युनिट पडतात, असंही ऐकलंय. उत्तराच्या प्रतीक्षेत.


तेहतीसकेव्ही | २० मे, सकाळी ७:०५

मी ३१ वर्षं उपकेंद्रात काढली, आता निवृत्त आहे. दिव्यांपुरतं सांगतो, मोटरींचं जास्त जाणणारे इथे आहेत.

ताई, आधी तुमच्या सासऱ्यांबद्दल. ते मनचं बोलत नाहीत. त्यांच्या उमेदीच्या काळात घरात जे दिवे होते त्यांना ही गोष्ट खरोखर लागू होती.

पिवळा बल्ब घ्या. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ०.४३ अँपिअर घेतो, म्हणजे त्याच्या तारेचा रोध ५३० ओहमच्या आसपास. तीच तार थंड असताना रोध दहाव्या-पंधराव्या हिश्शावर येतो. म्हणून बटण दाबल्याच्या क्षणी दहा-पंधरा पट प्रवाह धावतो. तार तापली की क्षणार्धात तो खाली येतो. तार जुनी झाली की टंगस्टन उडून उडून एखाद्या जागी ती बारीक होते, आणि नेमकी तीच जागा त्या झटक्यात तुटते. बल्ब बहुतेकदा लावतानाच का जातो, याचं हे कारण. पण तार बारीक झाली ती चालू राहिल्यामुळे. बटणानं फक्त शेवटचा धक्का दिला.

ट्यूबची गोष्ट वेगळी, तिथे सासरे पुरते बरोबर आहेत. ट्यूबच्या दोन्ही टोकांना आत वेटोळी असतात आणि त्यांवर एक लेप असतो. इलेक्ट्रॉन सुटतात ते त्या लेपातून. स्टार्टर फडफडतो तेव्हा प्रत्येक वेळी तो लेप थोडा थोडा झडतो. जुन्या ट्यूबची टोकं काळी पडलेली आठवतात ना? तो झडलेला लेपच. लेप संपला की ट्यूब संपली. म्हणूनच ट्यूबचं आयुष्य मोजायच्या प्रमाणित चाचणीत ती सतत चालू ठेवत नाहीत, पावणेतीन तास चालू आणि पाव तास बंद असं चक्र लावतात. दर पाच मिनिटांनी चालू-बंद केली तर ती खोक्यावरच्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. सीएफएलचंही तसंच. पंधरा मिनिटांत परत यायचं असेल तर चालूच राहू द्या, हा सल्ला त्या दिव्यांसाठी योग्य होता.

ताकातली_रवी, तुमच्या आईंचा नियम ट्यूबच्या आयुष्यासाठी चांगला होता. युनिटचं मात्र खरं नाही. फडफडण्याचे दोन सेकंद नेहमीच्या पाचपट वीज गेली असं धरलं, तरी तेवढ्या विजेवर ट्यूब दहा सेकंदच चालेल. मीटरला ते जाणवतही नाही.

आणि आता घरात जे एलईडी आहेत त्यांना या दोन्हींतलं काही नाही. ना जळणारी तार, ना झडणारा लेप. एलईडी बल्ब जातो तो बहुधा आतल्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटमुळे, आणि ड्रायव्हर जातो उष्णतेनं. त्यातला कपॅसिटर दहा अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे बंद काचेच्या हंडीत कोंडलेला एलईडी तासन्‌तास चालू ठेवणं, हे त्याला बटणापेक्षा जास्त मारक. छताच्या पंख्याचंही तेच. त्याची मोटर लहान, पाती सावकाश वेग घेतात, चालू-बंद केल्यानं त्याला काही होत नाही. ७५ वॅटचा पंखा रिकाम्या खोलीत आठ तास फिरला तर ०.६ युनिट वाया. लेकीला म्हणावं, दिवे-पंखे खुशाल बंद कर.


वायंडिंगवाला | २० मे, दुपारी १:२०

फ्रिजचं मी सांगतो. माझा मोटर रिवायंडिंगचा धंदा, पण फ्रिज-एसीच्या कॉम्प्रेसरमध्येही शेवटी मोटरच.

पाऊलवाट ताई, तुम्ही जो 'टक्... घुं... टक्' लिहिला तो वाचूनच कळलं. कॉम्प्रेसर चालू असताना एका बाजूला गॅसचा दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. बंद झाला की हे दाब केसासारख्या बारीक कॅपिलरी नळीतून हळूहळू सारखे होतात. त्याला तीन ते पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात लाईट परत आली तर मोटरला त्या दाबाविरुद्ध उठायचं असतं, आणि तेवढी ताकद तिच्यात नसते. ती जागच्या जागी अडकते, घुं करते आणि नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. दुसरं म्हणजे, सुरू होताना जोर देणारी जी रिले असते, हल्ली बहुतेक पीटीसीची चकती, ती तापली की गार झाल्याशिवाय काम करत नाही. तिलाही काही मिनिटं विश्रांती लागते.

घुंनंतरचा 'टक्' हा ओव्हरलोडचा. मोटर जळू नये म्हणून तो सप्लाय तोडतो. थोड्या वेळानं गार होऊन परत जोडतो, तो घुंच्या आधीचा 'टक्'. असं एक-दोनदा होऊन सुरू झाला तर ठीक. तुमच्याकडे हे रात्रभर चाललं. बाहेर व्होल्टेजही कमी असणार. रात्रभरात शंभर-दीडशे वेळा अडकलेल्या मोटरमध्ये पाच-सहा पट प्रवाह गेला. त्यात लेकीचा काडीचा संबंध नाही. पहिल्या पाच मिनिटांत कोणी फ्रिजचा प्लग काढून ठेवला असता, तर बहुतेक तो वाचला असता. पुढच्या वेळी हा आवाज आला की बटण बंद, दहा मिनिटं थांबा, मग चालू करा.


पाऊलवाट | २० मे, संध्याकाळी ६:५०

दोघांचेही मनापासून आभार. वाचताना डोळ्यात पाणी आलं, खरंच. हे सगळं सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.

पण एक शंका. फ्रिज तर स्वतःच दिवसभर चालू-बंद होत असतो. मग तेव्हा का जळत नाही?


वायंडिंगवाला | २० मे, रात्री ८:१०

शंका अगदी बरोबर जागी आहे. थर्मोस्टॅट फ्रिज बंद करतो तो आतलं गार झालं म्हणून. परत गरम व्हायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. तोवर दाब सारखे झालेले असतात, रिले गार झालेली असते. म्हणजे फ्रिज स्वतः बंद होतो तो दम घेऊन उठतो. लाईट जाऊन दहा सेकंदांत आली तर त्याला दम घ्यायला वेळच मिळत नाही. बंद होण्यानं कुठलीच मोटर जळत नाही. दम न घेता पुन्हा उठावं लागलं की जळते.

एसीच्या स्टॅबिलायझरवर लाईट आल्यावर तीन मिनिटं दिवा लुकलुकतो आणि एसी सुरू होत नाही, ते याचसाठी. लोक मात्र वैतागून स्टॅबिलायझर बायपास करतात. कृपा करून करू नका. इन्व्हर्टर एसी आणि इन्व्हर्टर फ्रिज हळूहळू वेग घेत सुरू होतात, त्यांना हा त्रास बराच कमी. त्यांच्या कार्डाला (आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला) मात्र व्होल्टेजच्या उसळीची भीती असते, ते वेगळं.


खाडीपलीकडे | २१ मे, सकाळी १०:३०

थोडं अवांतर. मी कॅलिफोर्नियात राहतो, इथून जवळच लिव्हरमोर नावाचं गाव आहे. तिथल्या अग्निशमन केंद्रात १९०१ सालापासून एक बल्ब जळतोय. मुलांना घेऊन बघायला गेलो होतो. छताला नुसत्या वायरीला लटकतोय, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा नारिंगी. १९७६ मध्ये केंद्र दुसऱ्या इमारतीत हलवलं तेव्हा तो २२ मिनिटं बंद होता, तेवढ्यासाठी पोलिसांची गाडी बरोबर होती. कधी बंदच केला नाही म्हणून टिकला असं सगळे म्हणतात. मग चालू ठेवणंच चांगलं असं यातून निघत नाही का?


तेहतीसकेव्ही | २१ मे, दुपारी १२:००

त्या बल्बची तार कार्बनची आहे आणि तो आता जेमतेम चार वॅटवर जळतोय. तुम्ही निखाऱ्यासारखा म्हणालात त्यातच उत्तर आहे. इतकी कमी तापलेली तार झिजतच नाही. बंद न केल्याचा थोडा फायदा असेल, पण खरं दीर्घायुष्य त्या मंद जळण्यात आहे. आपल्याला त्या उजेडात पोथीही वाचता येणार नाही. तरी फार छान आठवण सांगितलीत.


कुकडीकाठ | २१ मे, रात्री ११:४५

धागा शहरातल्या घरांवर चाललाय, पण माझं दुखणं तेच आहे म्हणून लिहितो. जुन्नर तालुका, विहिरीवर पाच एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेली. तिच्या बटणाला आम्ही हातच लावत नाही. ऑटो बसवलाय, लाईट आली की मोटर आपली आपण चालू. तरी दोन वर्षांत तीनदा जळली. या उन्हाळ्यात डीपीसुद्धा (आमच्या विहिरींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) जळाली आणि आम्ही दहा जण बारा दिवस पाण्यावाचून बसलो. कांदा निघाला होता म्हणून बरं, पण उसानं माना टाकल्या. वायंडिंगवाले दादा, चालू-बंद न करताच मोटर का जळते?


वायंडिंगवाला | २२ मे, दुपारी २:३०

दादा, हा प्रश्न माझ्या दुकानात रोज येतो, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही हात लावत नाही हे खरं, पण ऑटो लावतो. तुमच्या लाईनला एका रात्रीत किती वेळा लाईट जाते-येते ते एकदा मोजा. चार वेळा गेली तर मोटर पाच वेळा सुरू झाली. आणि तुम्ही बटण दाबलं असतं त्यापेक्षा वाईट रीतीनं, कारण त्याच क्षणी डीपीवरच्या दहाच्या दहा मोटरी उठतात.

आकडे बघा. पाच एचपीची मोटर चालताना सात-आठ अँपिअर घेते. उठताना सहापट, म्हणजे ४५ च्या घरात. तुमची डीपी ६३ केव्हीएची असेल तर तिची पूर्ण क्षमता एका फेजला ८४ अँपिअर. दहा मोटरी चालताना ७५-८० घेतात, जेमतेम बसतं. पण दहाही एकदम उठल्या तर मागणी ४५० ची. डीपीतच व्होल्टेज पडतं, उरलेलं लांबच्या बारीक तारांमध्ये पडतं, आणि शेवटच्या विहिरीवर ४१५ च्या जागी ३०० मिळतात.

आता खरी मेख इथे आहे. मोटरची उठायची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. ३०० व्होल्टवर ती निम्मी उरते. पंपात पाणी भरलेलं, ताकद निम्मी, मग मोटर वेग घेत नाही. वेग घेत नाही म्हणून प्रवाह खाली येत नाही. प्रवाह खाली येत नाही म्हणून व्होल्टेज वर येत नाही. दहा जण एका दारातून एकदम घुसायला बघतात आणि कोणीच आत जात नाही, तशी गत. चांगल्या व्होल्टेजला दोन सेकंदांत संपणारं उठणं वीस-तीस सेकंद चालतं. वायंडिंगची उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते, सहापट प्रवाह म्हणजे ३६ पट उष्णता. एकदा अशी तापली की गार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर लाईट परत जाते, परत येते. एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंगचा प्रिव्हेंटर इथे उपयोगाचा नाही, कारण तिन्ही फेज हजर असतात. ओव्हरलोड रिलेनं सोडवायला हवं, पण ती वारंवार पडते म्हणून लोक तिचा काटा शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवतात.

जळालेली मोटर उघडली की कसली जळालीय ते कॉइल सांगते. स्टार जोडणीच्या मोटरीत एक फेज गेलेली असेल तर दोन फेजच्या कॉइली कोळसा आणि तिसरीच्या तांबूस, नव्यासारख्या. ही अशी उठता-उठता जळालेली असली की तिन्ही फेजच्या कॉइली सारख्याच काळ्या, गोल सगळीकडून. स्लॉटमधला कागद हाताला लागताच चुरा होतो आणि वॉर्निशचा तो कडवट वास दोन दिवस हातावरून जात नाही. तुमची मोटर ज्यानं भरली त्याला विचारा, तिन्ही सारख्या होत्या का. होत्या म्हणाला तर मी वर लिहिलंय तेच झालंय.

पंप बंद करून लगेच चालू करणं तर अजून वाईट. फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) गळका असेल तर पाइपातलं पाणी खाली पडताना पंप उलटा फिरतो, आणि त्याच वेळी मोटर सुलट ओढते. मी तुटलेले शाफ्ट बघितलेत. सबमर्सिबलला तर हे हमखास.

अजून एक हात जोडून सांगतो. डीपीच्या पेटीत किटकॅटमध्ये (फ्यूज बसवायच्या चिनी मातीच्या खाचेत) फ्यूज तारेच्या जागी जाड तार घालू नका. फ्यूज उडाला तर पाच मिनिटांचं काम, तो नाही उडाला तर ट्रान्सफॉर्मर उडतो.


मोजपट्टी | २२ मे, संध्याकाळी ५:१५

उत्तम माहिती. पण मग उपाय सरळ आहे. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, हे महावितरण गेली कित्येक वर्षं सांगतंय. शेतकरी ते ऐकत का नाहीत हे मला कळत नाही.


कुकडीकाठ | २२ मे, रात्री १०:५५

मोजपट्टी, रागावून लिहीत नाही. आमच्याकडे थ्री फेज लाईट आठ तास, आणि पाळीनं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात ती बारा-साडेबाराला येते. विहीर घरापासून पाऊण किलोमीटर, वाट दोन्ही बाजूंनी उसातून. जुन्नरच्या उसात बिबटे आहेत हे काही ऐकीव नाही, पिल्लं उसातच होतात. मागल्या वर्षी आमच्या शेजारच्या वस्तीवरची कालवड ओढून नेली. पावसाळ्यात वर सापाचं भय. ऑटो हौसेनं नाही बसवला. रात्री एकला बायको बॅटरी धरून दाराशी उभी राहायची आणि मी परत येईपर्यंत आत जायची नाही, म्हणून बसवला.


मोजपट्टी | २२ मे, रात्री ११:२०

मला ही बाजू ठाऊक नव्हती. माफ करा दादा. मी घाईनं लिहिलं.


तेहतीसकेव्ही | २३ मे, सकाळी ६:४०

कुकडीकाठ, तुमची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही. मी तारेच्या दुसऱ्या टोकाला होतो. शेतीचा फीडर (उपकेंद्रातून शेतीकडे जाणारी लाईन) चालू करताना ब्रेकर आत गेला की काटा एकदम उसळायचा, आणि बऱ्याचदा चार सेकंदांत फीडर ट्रिप. परत लावायचा, परत ट्रिप. आम्ही म्हणायचो लाईनवर फॉल्ट आहे. फॉल्ट नसायचा, शेकडो ऑटो स्विच एकदम उठायचे. आणि आमच्या त्या प्रत्येक 'परत लावण्यानं' खाली कुणाची तरी मोटर आणखी थोडी जळत होती, हे तेव्हा इतकं डोळ्यांपुढे नव्हतं.

सगळ्यांनी एकदम चालू-बंद करण्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे ५ एप्रिल २०२०, रात्री ९ वाजताची ती ९ मिनिटं. फक्त दिवे बंद करा, पंखे-फ्रिज चालू राहू द्या, असं मुद्दाम सांगितलं होतं. तरी देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटनी खाली आली आणि ९ नंतर पुन्हा चढली. ग्रीड सांभाळलं गेलं, कारण ती वेळ आधी माहीत होती आणि जलविद्युत केंद्रं चटकन उतरवून चटकन चढवण्याची तयारी ठेवली होती. शेतीच्या फीडरवर हेच रोज रात्री होतं, पण तिथे तयारी कुणाचीच नसते.


वायंडिंगवाला | २३ मे, दुपारी १२:४५

मोजपट्टी, तुमचं म्हणणं तत्त्वाला धरूनच आहे. ऑटो नसणं सगळ्यांत चांगलं. पण बिबट्याच्या वाटेवर माणसाला पाठवून मोटर वाचवा असं मी कुणाला सांगणार नाही.

कुकडीकाठ, मधला मार्ग आहे. हल्लीच्या डिजिटल पॅनेलमध्ये आणि मोबाइल स्टार्टरमध्ये लाईट आल्यावर किती सेकंदांनी मोटर उठवायची ते लावता येतं. कमी व्होल्टेजला उठू न देण्याचीही सोय असते. दहाही जणांनी एकत्र बसून वेगवेगळे आकडे लावायचे. एकट्यानं करून काही होणार नाही. नऊ जण एकदम उठले तर दहाव्याचं टायमर काय करणार?

पहिला मिनिट कुणीच उठायचं नाही, कारण आलेली लाईट पहिल्या मिनिटातच परत जाते. ६० सेकंदांना पहिली मोटर, मग दर २० सेकंदांनी एकेक. ६०, ८०, १००, असं करत दहावी २४० ला. चार मिनिटांत सगळ्या चालू. क्रम लावताना डीपीपासून सगळ्यांत लांबची विहीर पहिली. तिला तारेतच व्होल्टेज कमी मिळतं, म्हणून लाईन मोकळी असताना तिला उठू द्या. डीपीखालची मोटर शेवटी, तिला काही फरक पडत नाही. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावा, चालतानाचा प्रवाह उतरेल. ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर आणा. आणि एकदा बंद पडलेली मोटर पाच मिनिटं तरी उठणार नाही असं बघा.

तुमचं गाव मला लांब नाही. बैठक ठरली तर मी येतो, पैशाचं बोलू नका.


ताकातली_रवी | २३ मे, दुपारी ३:३०

इतक्या मोठ्या विषयात माझा लहानसा प्रश्न. चटणी वाटताना मिक्सर पंधरा-वीस वेळा झटके देऊन चालवते. त्यानं मोटर जाते का?


वायंडिंगवाला | २३ मे, रात्री ९:००

ओल्या चटणीला झटके दिल्यानं काही होत नाही ताई, ती मोटर रिकामी झटकन वेग घेते. हळकुंड किंवा सुकं खोबरं ठेचून भरलं आणि पातं अडकलं, तर मात्र तीच अडकलेल्या मोटरची गोष्ट. घुं आवाज आला की लगेच बटण सोडा, भांडं हलवून मोकळं करा. खालचं लाल बटण पडलं तर ते लगेच दाबू नका, मोटर हाताला गार लागू द्या.


पाऊलवाट | २५ मे, सकाळी ११:१०

काल जेवणं झाल्यावर सगळा धागा सासऱ्यांना वाचून दाखवला. ट्यूबच्या लेपाचं ऐकून ते म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो." फ्रिजचं ऐकताना गप्प झाले. मग कुकडीकाठ यांची पोस्ट दोनदा वाचायला लावली. सासऱ्यांचं बालपण जुन्नरशेजारच्या आंबेगावात गेलंय. नंतर उठून लेकीला हाक मारली आणि म्हणाले, "चल, मला दाखव कुठलं बटण कुठलं." दोघांनी मिळून फ्रिजच्या प्लगाशी कागद चिकटवलाय: लाईट गेली की हे बटण बंद, आल्यावर पाच मिनिटांनी चालू. लाईट परत आलेली कळावी म्हणून बाहेरच्या खोलीतला एक दिवा चालू ठेवायचा, हे लेकीनं सुचवलं.

टीव्ही आणि कॉम्प्युटरचं तेवढं राहिलं.


तेहतीसकेव्ही | २५ मे, दुपारी १:००

तुमची पोस्ट वाचून फार बरं वाटलं.

टीव्ही बटणानं बंद करायला हरकत नाही. लगेच परत चालू मात्र करू नका, अर्धा मिनिट जाऊ द्या. आत सुरुवातीचा झटका अडवणारा एक भाग असतो, तो गार असला तरच अडवतो. कॉम्प्युटर आधी नीट बंद करून मगच भिंतीचं बटण बंद.

आणखी एक, हे लेकीलाही शिकवा. काही दिवे एकदम प्रखर आणि काही मिणमिणते होऊ लागले, तर ते व्होल्टेजचे साधे चढउतार नव्हेत, न्यूट्रल तुटलेला असू शकतो. त्या वेळी २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत घरात येतात आणि टीव्ही, फ्रिज, सगळंच एका मिनिटात जातं. अशा वेळी एकेक बटण बघत बसायचं नाही, मेन स्विचच खाली.


कुकडीकाठ | १६ जून, रात्री १:३०

उशिरा लिहितोय, पण आताच घडलंय.

वायंडिंगवाले दादा मागच्या रविवारी येऊन गेले. सगळ्यांचे स्टार्टर स्वतः उघडून बघितले, दुपारचं जेवण तेवढं घेतलं. दहापैकी आठ जणांनी पॅनेल बदलले. दोघांकडे आत्ता पैसे नाहीत, त्यांनी ऑटो काढून ठेवला, त्यांच्या मोटरी सकाळी हातानं सुरू करायच्या ठरल्या. किटकॅटमधली जाड तार काढून नीट फ्यूज तार घातली.

आज रात्रीचा आठवडा सुरू झाला. दादा आले होते तेव्हा विहिरीवर स्टार्टरशेजारी नवा अँपिअर मीटर बसवून दिला होता. पहिल्यांदा लागणार म्हणून आम्ही तिघं जण काठ्या-बॅटऱ्या घेऊन विहिरीवर जाऊन बसलो. बारा वाजून दहा मिनिटांनी लाईट आली. कुठेच काही वाजलं नाही. मग लांब ओढ्याकडून पहिली मोटर ऐकू आली. थोड्या वेळानं अलीकडची. बोटं मोजत बसलो होतो. आमची सहावी. कॉन्टॅक्टर खट्‌ वाजला, काटा ४० च्या पुढे गेला आणि मी दोन म्हणेपर्यंत साडेसातवर येऊन थांबला. पूर्वीच्या मीटरचा काटा ३० वर नुसता थरथरत असायचा आणि मोटर कण्हत असायची. पाटात पाणी आलं तेव्हा आमच्या मागची सातवी उठत होती, आणि बल्ब जरासा मंद होऊन परत लख्ख झाला.